चेहरा, भेट, मालकीण

१९ सप्टेंबर २०१७, मंगळवार. नेर

आज चौथी बाई गेली. गेली म्हणजे मीच घालवली. यवतमाळच्या निवृत्त शिक्षिका, जन्मभर शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवलेल्या. माइकसमोर उभं राहून त्यांनी म्हातारीचा म्हणून जो आवाज काढला, तो ऐकून खालच्या कृषी केंद्राचा मालक धावत जिना चढून आला. त्याला वाटलं कुणाला फवारणीचं विष चढलं. यंदा फवारणीने माणसं दगावतायत, या गोष्टीवर हसू नये, पण मी हसलो, आणि बाई रागावून बसस्टँडकडे निघून गेल्या.

सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं तरी हलकं होईल. पुण्याची एक कंपनी ‘सातवी वेस’ नावाचा मोबाईलवरचा गेम काढते. राजे, राक्षस, तलवारी, सगळा मसाला. दोन भाग झाले, तिसरा पहिल्यांदाच मराठीतून येतोय. प्रत्येक भागात वेशीवर एक म्हातारी बसलेली असते. तिला नाव नाही. कधी खरी वाट सांगते, कधी मुद्दाम दरीत पाठवते, आणि का ते कधीच सांगत नाही. खेळणारे चार वर्षं भांडतायत की ही बाई चांगली की वाईट. तिसऱ्या भागाच्या शेवटी नायक तिला विचारतो, तू कोण आहेस, आणि ती उत्तर देते. त्या एका उत्तरासाठी अख्खा गेम आहे, असं कंपनीच्या रुपाली मॅडम फोनवर म्हणतात. मॅडम असतील सव्वीस वर्षांच्या.

त्यांना शहरातली नटी नको, ‘मातीतला आवाज’ हवा. एकशे बारा वाक्यं, पंधरा नोव्हेंबरपर्यंत. जमलं तर कंपनीचं पुढचं सगळं मराठी काम माझ्या या रेकॉर्डिंगच्या खोलीत, आणि गेमच्या शेवटी माझं नाव. पंधरा वर्षं मी ऑटोवरच्या घोषणा, लग्नाची गाणी आणि जयंतीच्या सीड्या भरतोय. माझा आवाज तालुक्यात सगळ्यांनी ऐकलाय, नाव कुणाला माहीत नाही. अडतीस वर्षांचा झालो. हे काम गेलं तर खोलीला कुलूप लावून खाली कृषी केंद्रात बिलं फाडायला बसायचं. मालकाने खुर्चीसुद्धा दाखवून ठेवलीय.

२५ सप्टेंबर, सोमवार

बोरी अरबला घोषणेसाठी गेलो होतो. ‘तोंडाला कापड बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, उपाशीपोटी फवारू नका.’ ऑटोवाल्याला चहा हवा होता म्हणून स्टँडवर थांबलो. तिथे एक म्हातारी बसच्या कंडक्टरला झापत होती. ओरडत अजिबात नव्हती. खालच्या सुरात, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत बोलत होती. कंडक्टर चार वेळा ‘हो आजी’ म्हणाला आणि गाडी दहा पावलं मागे घेऊन कुणाचं तरी पोतं चढवून घेतलं.

मी चहा टाकून तिच्याकडे गेलो. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “तू फकिराचा पोट्टा ना?”

ही माझी इंदूआत्या. बाबांची धाकटी बहीण. आयुष्यात एकदाच पाहिली होती, बाबा गेले तेव्हा. घरात आली नाही, रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि प्रेत पुढे गेल्यावर परत फिरली. कधीकाळी आईचं आणि तिचं भांडण झालं, एवढंच मला माहीत. ती जवळजवळ चाळीस वर्षं बोरीत एकटी राहते. हंगामात कापूस वेचते, एरवी गावातल्या बाळंतिणींची लेकरं न्हाऊमाखू घालते. म्हणाली, या गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर पालथी झालीत.

तिथल्या तिथे विचारलं, माइकवर बोलशील का. कोणाचं बोलायचं, तिने विचारलं. एका म्हातारीचं, म्हटलं. थे तं रोजचंच हाय, म्हणाली.

२६ सप्टेंबर, मंगळवार

आईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती, हातातलं सूप थांबलं. तिले घरात आणू नको, म्हणाली. घरात नाही, खोलीवर आणतोय, म्हटलं. मग थोड्या वेळाने पुन्हा: “तिच्या हातचं काई खाऊ नको.”

का, म्हणून विचारलं तर म्हणाली, सांगतलं तेवढं आयक. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नणंद-भावजयीची चाळीस वर्षांची धुसफूस. असेल एखाद्या पितळी घागरीवरून. सत्तरी गाठली, आता तरी सोडून द्या म्हटलं. आई जेवली नाही आज. मला या बायकांचं काही कळत नाही आणि कळून घ्यायला वेळही नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

जमलं, बाप्पा, जमलं. आत्या दारव्ह्याला बस बदलून अकराला पोचली. भिंतींवर अंड्यांचे ट्रे आणि गोधड्या पाहून म्हणाली, कोणाची बाळंतीण ठेवली इथं. स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न टाळून दोन गाड्यांमधल्या वेळात रेकॉर्ड करावं लागतं. तिला वाचता येत नाही, तर मी एकेक वाक्य कानात सांगायचं, तिने म्हणायचं. ‘वाट तिकडे आहे. पण तू तिकडचा नाहीस.’ ‘मालकीण नाही मी या वेशीची, राखण करते.’ ‘आपली भेट इथंच व्हायची होती.’ एकदा सांगितलं की पुरे. जिथे लिहिणाऱ्याने शब्द फुकट वाढवलेत तिथे ती थांबून विचारते, एवढं कायले बोलते ही. मग आम्ही शब्द कमी करतो आणि वाक्य सुधारतं. बावन्न वाक्यं झाली.

मधे मला उकंडा म्हणाली. त्या नावाने मला फक्त आई हाक मारते, तेही चिडली की. माझ्याआधीचे दोन भाऊ तान्हेपणीच गेले, म्हणून माझा जन्म झाल्यावर मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि दुसऱ्या कुणीतरी उचलून आणलं. टाकाऊ वाटलं म्हणजे मरण वळून बघत नाही, हा हिशेब. बाबांनी शाळेत नाव घातलं संघर्ष, आईने घरात ठेवलं उकंडा. आमच्या घरात तेव्हापासून दोन पक्ष. आत्या म्हणाली, म्याच उचललं तुले उकिरड्यावरून, सुपात मावला होता. म्हाताऱ्या बायांना असं काहीतरी सांगायला आवडतं. निघताना तिने विचारलं, वयनी कशी हाय. आई बरी आहे म्हटलं.

रुपाली मॅडमना नमुने पाठवले. त्यांनी सात वेळा वा म्हटलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

एकशे अकरा वाक्यं झाली आणि एकशे बाराव्याला गाडी चिखलात रुतली.

नायक विचारतो, तू कोण आहेस. म्हातारी म्हणते, ‘होय. मीच ती चेटकीण.’ बस. चार शब्द. आत्या म्हणते, ‘होय. मीच ती,’ आणि थांबते. इतकं सुंदर थांबते की अंगावर काटा येतो, पण पुढचा शब्द येत नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा तिथेच. पाणी मागितलं. पुन्हा तिथेच. खोकला आला. अकरा वेळा घेतलं.

मला वाटलं कवळीमुळे ‘चे’ अडतोय. वरची कवळी सैल आहे तिची. म्हणून सराव घेतला. चिंच. चेंडू. चेहरा. चेहरा तर इतका स्वच्छ म्हणाली की शाळेत लावावा. मग चेटकीण म्हण म्हटलं, तर म्हणाली बस सुटन माही. अजून पाऊण तास होता बसला.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

डोकं फिरलंय. एक शब्द. एक.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी झाली. आत्याला पुन्हा बोलावलं. मी तयारीत होतो. चेटकीण नको असेल तर डाकीण म्हण, हडळ म्हण, जादूगारीण म्हण, कंपनीला मी समजावतो. प्रत्येक शब्दाला ती माझ्याकडे असं बघत होती जसं मी तिच्यापुढे एकेक मेलेला उंदीर ठेवतोय. शेवटी माझा आवाज चढला. आत्या, शब्द आहे फक्त, म्हटलं. आपल्या घरात असलं कुणी मानत नाही. आजोबांनी छप्पन साली देव्हारा नदीत सोडला, तिथून आजवर आपल्या दाराला लिंबूमिरची बांधली नाही. मग तुला कशाची भीती?

तिने शांतपणे विचारलं, “वयनीनं तुले माह्याबद्दल काय सांगतलं?”

काहीच नाही, म्हटलं. भांडण झालं होतं एवढंच. कायचं भांडण, तिने विचारलं. भांड्याकुंड्यांचं असेल, मला काय माहीत. त्यावर ती हसली, पदर खोचला आणि जिना उतरून गेली. चहा तसाच राहिला. मी वरून खिडकीतून हाका मारत बसलो आणि खाली गिऱ्हाइकं वर बघत होती.

चांगलं वागून काय मिळतं माणसाला.

२ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटी मीच बोरीला गेलो. आत्या शेतात होती, संगीताबाईच्या टोळीबरोबर. संगीताबाई जवळच्या तांड्यावरची, वेचणीच्या बायांची मुकादम. स्वतः पुढच्या ओळीत असते आणि मागे न बघता कोण मागे पडली ते सांगते. आत्याला मावशी म्हणते. बाया हसत नव्हत्या. आत्याने एक बोंड फोडून दाखवलं, आत गुलाबी अळी. दुसरं, तिसरं, तेच. अर्ध्या बोंडांत कापूस कुजलेला. यंदा सगळीकडे हेच आहे, कारण विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

बांधावर बसून मी आत्याला हात जोडले. तिने माझी पुरती फजिती केली. म्हणाली, तुह्या कंपनीले सांग, म्हातारी थे बोलनार नाई. दोन खेळ गुमान बसली, तवा लोक तिले पाहाले आले. आता सोताच्या तोंडानं सांगतलं मी कोन हाव, तं मंग तिच्याकडे कोन येईन. लोकायले इचारू दे ना. इचारत राहतीन तवरोक म्हातारी जित्ती हाय.

काही खोटं नव्हतं त्यात. मी तिथूनच रुपाली मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, कल्पना छान आहे, पण लोक दोन भाग थांबलेत, त्यांना शब्द हवा. तो शब्द नसेल तर दुसरा आवाज बघा.

दुसरा आवाज. एकशे अकरा वाक्यांनंतर.

४ नोव्हेंबर, शनिवार

झालं काम. आणि मीच केलं, कुणाच्या पाया न पडता.

सकाळी रेकॉर्डिंग ऐकत बसलो होतो आणि एकदम लक्षात आलं की शब्द माझ्याकडे आहेच, फक्त विखुरलेला. सरावातल्या ‘चेहरा’मधून ‘चे’ घेतला. ‘आपली भेट इथंच’ मधून ‘ट’ घेतला. ‘मालकीण नाही मी’ मधून ‘कीण’. पहिल्यांदा जोडलं तर लोखंडी पत्रा वाजल्यासारखं झालं. मग मधला श्वास काढला, ‘ट’ थोडा खाली आणला, ‘कीण’ला हलकी लांबी दिली. चार तास लागले. आता ऐकलं तर आत्यालासुद्धा वाटेल की हे तिने म्हटलंय. ‘होय. मीच ती,’ तिचं ते थांबणं, आणि मग शब्द. ते थांबणं आहे म्हणूनच शब्द इतका बसतो.

पंधरा वर्षांत एवढं बारीक काम केलं नव्हतं. पाठवलं. मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, दादा, हे कसं काढून घेतलंत तुम्ही तिच्याकडून? सरावाने, म्हटलं.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज कंपनीने गेमची झलक टाकली. चाळीस सेकंद. धुकं, वेस, तलवार, शेवटी म्हातारीचा चेहरा आणि तिचं वाक्य. खाली बारीक अक्षरात: मराठी ध्वनी, संघर्ष, नेर. कृषी केंद्राच्या मालकाने पाच वेळा लावलं. संध्याकाळपर्यंत चार ओळखीच्यांनी व्हॉट्सॲपवर मलाच पाठवलं. एकाने वाक्य तेवढं कापून रिंगटोन केलीय म्हणे. लोकांनी आईलाही दाखवायचा प्रयत्न केला. तिने चष्मा नाही म्हणून फोन न ऐकताच बाजूला ठेवला.

आत्याला अजून सांगितलं नाही. तिच्याकडे साधा फोन आहे.

६ डिसेंबर, बुधवार

आज महापरिनिर्वाण दिन. अभिवादनाच्या कार्यक्रमाला साउंड माझाच होता. एका तरुण मास्तरने अंधश्रद्धेवर फार चांगलं भाषण केलं. मी मशीनमागे बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मशीन आवरत होतो तेव्हा संगीताबाईचा फोन आला.

म्हणाली, दादा, ते मोबाईलवरचं मावशीचं बोलनं तुमच्या इथलं हाय का. हो म्हटलं, थोडा फुशारकीनेच. मग ती सांगायला लागली. पहिल्यांदा बाया हसल्या. वेचणीच्या गाडीत कुणी ना कुणी लावायचं. मग एका शेतकऱ्याचं बोंड सगळ्यांत आधी कुजलं आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की वेचणी त्याच्याच शेतात मावशीच्या हाताने सुरू झाली होती. तोपर्यंत कुणी विचारही केला नव्हता. आता म्हणतात, आम्ही कायले बोलाव, सोताच कबूल केलं ना तिनं. जया म्हणून एक सून आहे, वीस दिवसांची बाळंतीण. तिच्या लेकराला ताप आला, तर सासूने दाराला चप्पल टांगली आणि मावशीला सांगून पाठवलं, उद्यापासून न्हाऊ घालाले येऊ नको. चार दिवस झाले, गाडीत तिच्याशेजारी कुणी बसत नाही. संगीताबाई स्वतः बसते, पण ती एकटी कुठे कुठे बसणार.

ते खोटं आहे, गेम आहे तो, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, “मले मालूम हाय, दादा. पर आवाज तं मावशीचा हाय.”

७ डिसेंबर, गुरुवार

आत्या घरीच होती, हंगामात. यावरूनच समजलो. म्हणाली, लाव, काय हाय ते आयकू दे. मी लावलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. तीन वेळा ऐकलं. मग विचारलं, हे कसं केलं. मी सांगितलं, चेहरा, भेट, मालकीण. ती कुठेही मला तोडत नव्हती, आणि तेच सहन होत नव्हतं.

मग तिने सांगितलं. नवरा गेल्यावर ती आमच्या घरी माघारी आली होती. माझे दोन भाऊ तिच्या समोर झाले, तिच्या समोर गेले. दुसरा गेला तेव्हा विहिरीवर तो शब्द पहिल्यांदा आईने काढला. मग सगळ्या बाया तोच म्हणायला लागल्या. मी झालो तेव्हा उकिरड्यावरून उचलायला कुणी पुढे येईना, म्हणून हीच गेली. सव्वा महिन्याने तिला विहिरीपाशी उभं केलं. आपली माणसं, आपल्याच वस्तीतली, देव्हारे नदीत सोडलेली. “म्हने, एक डाव कबूल कर, मंग घरात राह्य. म्या नाई केलं. अडतीस वर्सं नाई केलं. तुनं माह्याच तोंडातून काढलं.”

मी रडलो. ते इथे लिहून ठेवतो, कारण तिथे तिने माझ्या रडण्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. मी म्हटलं, कंपनीला ते काढायला लावतो, गावात ऑटो फिरवून सांगतो की मी जोडलंय. तिने मान हलवली. ऑटोवर तं तू रोजच कायबाय सांगतं, म्हणाली. “मले वयनी पाह्यजे. इथं येऊ दे. या बायाइच्यात बसू दे, अन माह्या हातची भाकर खाऊ दे. जिनं शब्द काढला तिनंच मिटवाव.”

९ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस कंपनीच्या मागे लागलो. रुपाली मॅडमना सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, वरच्यांना विचारते म्हणाल्या. वरचे म्हणाले, दोन लाख लोकांनी पाहिलंय, तेच वाक्य चाललंय, ते कसं काढणार. पात्र काल्पनिक आहे अशी ओळ टाकू हवी तर. मग निदान माझं नाव तरी काढा, म्हटलं. ते काढायला त्यांना दोन मिनिटं लागली.

१० डिसेंबर, रविवार

आईला समोर बसवलं आणि झलक ऐकवली. सुरुवात कशी करायची ते सुचेना, म्हणून आधी आवाज ऐकवला. हीच चूक झाली.

ऐकल्यावर आईचे खांदे खाली आले. इतक्या वर्षांत तिला एवढं सैल बसलेलं मी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि म्हणाली, “कबूल केलं तिनं. आखरीले कबूल केलं. मले वाटे, माह्या हातून पाप झालं का.”

मला तेव्हा सगळं एकदम समजलं. तिच्या हातचं काही खाऊ नको, हे तिने मला का सांगितलं. इंदू हे नाव निघालं की सूप का थांबायचं. अडतीस वर्षं ती खात्री करून घेत होती आणि खात्री होत नव्हती, आणि मी ती चार तासांत तयार करून दिली होती.

सांगावं लागलं. तिने नाही म्हटलं, मी जोडलं, आई. ती ऐकेना. आवाज इंदूचाच हाय, मी का ओळखत नाई, म्हणत राहिली. मग तिला जिना चढवून खोलीवर नेलं आणि तुकडे सुटे करून ऐकवले. चेहरा. भेट. मालकीण. मग चे. ट. कीण. मग जोडून. पुन्हा सुटे. तिसऱ्या वेळी तिने हाताने थांब म्हटलं.

मग माझ्याकडे न बघता बोलली. “ती गेली अन तू जगला. मंग सांग, मी काय समजू?”

मी जिवंत राहिलो, चालायला लागलो, शाळेत गेलो, आणि माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आत्याचा गुन्हा थोडा थोडा पक्का होत गेला. मी तो पुरावा आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी आहे.

आत्याचा निरोप सांगितला. जिना उतरताना आईने माझा हात धरला नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार

आज सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या आईने विचारलं, बोरीची गाडी किती वाजता हाय. मी शर्ट उलटा घालून निघालो, दारव्ह्याला बस बदलताना लक्षात आलं.

मी फोनवर कळवल्यावर संगीताबाईने आत्याला समजावून शेतावर आणलं होतं. दुपारची सुट्टी झाली होती, बाया धुऱ्याच्या बांधावर निंबाखाली बसल्या होत्या. आत्या जरा लांब, एकटी. आई रानातून चालत गेली. तिला गुडघ्यांमुळे चालवत नाही, पण मी हात पुढे केला तो तिने बाजूला सारला. जाऊन आत्याच्या समोर खाली बसली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि बाकीच्या बाया त्यांच्याकडे. एकीच्या पदराखाली फोन होता, त्यात ते वाक्य अजून आहे. ते आता कुणाच्या फोनमधून काढता येणार नाही, हे मला माहीत आहे.

आत्याने फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. अर्धी भाकर मोडून पुढे धरली. आईने ती घेतली. तोंडाजवळ नेली आणि खाली घेतली. बायांमध्ये कुणीतरी हलकं हुं केलं. मला वाटलं संपलं, ही खाणार नाही, आणि मी हिला इथे आणून आत्याची उरलेली अब्रूही घालवली.

पण आई भाकरीकडे बघतच नव्हती. आत्याकडे बघत होती. सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “इंदू, मंग माहे ते दोघं कायनं गेले?”

आत्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तापानं, वयनी. दोघंई तापानं गेले. तू जागून जागून थकली होती, तुहा डोळा लागला होता. माह्या मांडीवर गेले.”

मग आईने भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. संगीताबाई उठून दोघींच्या शेजारी येऊन बसली आणि तिने पाण्याचा तांब्या मधे ठेवला.